आवई

कुताइसीत, पुलाच्या अलीकडे, तीन पायऱ्या उतरून
ओतारची भट्टी.
जमिनीत पुरलेला मातीचा रांजणच तो.
ओतार कमरेपर्यंत आत झुकतो,
कणकेची लांब जीभ तापल्या भिंतीला थापटतो
आणि वर येतो.
एकतीस वर्षं,
रोज चारशे वेळा विस्तवापुढे लवून.

मी पाव त्याच्याकडूनच घेते.
आज तो माझ्या खुर्चीत, नाकाला चिमटा,
ओठांत पुठ्ठ्याची नळी.
फुंक, म्हणते मी, फुंक, अजून, अजून, सोडू नकोस!
पडद्यावरची रेघ चढते
आणि मध्येच खचते.

डॉक्टर केतेवान एवढंच विचारतात:
रविवारी बरं वाटतं?
तो बराच वेळ मांडीवरच्या टोपीकडे बघतो.
रविवारी, म्हणतो, मी जिना चढतो.

आत काय झालं असेल, ते मला कागदावरून ठाऊक आहे.
श्वासनळीच्या अस्तरातली एखादी पेशी फाटली असेल.
धुराने असेल, सर्दीने असेल.
ती ओरडली: कोणीतरी शिरलंय!
कोण, ते तिलाही माहीत नव्हतं.
गस्तीवरची एक फांद्याफांद्यांची पेशी धावली,
हाताला लागला तो गव्हाचा कण,
तोच पदरात बांधून
छातीतल्या गाठीपर्यंत घेऊन गेली,
एका अननुभवी टी-पेशीला दाखवला:
हाच तो.

पुढे आवईच आवई.
इंटरल्यूकिन चार, पाच, तेरा,
नाव म्हणून नुसता आकडा असलेले निरोपे.
परीक्षेत मला ते कधी पाठ झाले नाहीत.
चारच्या सांगण्यावरून बी-पेशींनी
गव्हाच्या मापाचे आकडे घडवले, गळासारखे;
पाचाने हाडांच्या पोकळीतून फौज उठवली;
तेरा वाटा चिकट करत गेला.
उलट कोणी विचारलं नाही.

मास्ट पेशी तेच आकडे अंगभर लेवून
दाराशी बसून राहिल्या,
पोटात हिस्टामिनच्या पुरचुंड्या.
आणि एका पहाटे, पोतं फोडताना,
दोन आकड्यांत एकच कण अडकला.

ती फौज मुळात जंतांसाठी होती.
जंत गेले, फौज राहिली.
थुंकीच्या काचेवर मी तिला पाहते,
इओसिन पिऊन लाल झालेली,
फुटलेल्या डाळिंबासारखी दाणेदार.
मारलं काय तिने? घरचीच भिंत.
आणि येते तीही उशिरा,
पहाटेच्या हाकेला दुपारी हजर.
म्हणून ओतारला धाप लागते ती भट्टी निवल्यावर,
अंगणात नार्दीचा डाव मांडल्यावर.
आणि हा बिचारा दोष देत राहिला
तंबाखूला, वाईट पडलेल्या फाशांना,
मेहुण्याच्या कुत्र्याला.

भट्टी सोडावी लागेल, डॉक्टर सांगतात.
पंप कसा ओढायचा ते मी दाखवते.
तो मन लावून बघतो, मग विचारतो:
म्हणजे पाव खायचाच नाही?

खा की. खाल्ल्याने काही होत नाही तुला.

तो हसतो, मी थट्टा करतेय असं वाटून.
कसं सांगू त्याला?
तोच गहू, तोच घसा,
मागच्या दाराने गेला तर सोयरा,
पुढच्या दाराने गेला तर दरोडेखोर.
आणि दोन दारांत अंतर
बोटभरसुद्धा नाही.

निघताना पिशवीतून काढतो
वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव,
अजून कोमट. डॉक्टरांसाठी, म्हणतो, आणि तुझ्यासाठी.
मग एकतीस वर्षांच्या सवयीने
तो उलटा करतो, बुडाला चिकटलेलं पीठ बघतो
आणि फुंकर मारतो:
लांब, सरळ, शेवटपर्यंत.

मघापासून मी मागत होते ती हीच.
यंत्र मी बंद करून टाकलं होतं.
खिडकीच्या उजेडात पीठ जरा वेळ तरंगलं.
मी पटकन खिडकी उघडली.